मुलांचा अपस्मार आणि कीटोजेनिक आहार : होकार देण्याआधी कशाचा विचार करावा?

निरभ्र

आमच्या पाच वर्षांच्या मुलीला अपस्मार आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊन झाली, सध्या तिसरे सुरू आहे, तरीही उभ्या उभ्या कोसळण्याचे आणि हातपाय दचकल्यासारखे उडण्याचे झटके दिवसातून अनेकदा येतातच. तिच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी चौथ्या औषधाऐवजी कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प कर्बोदके असलेला आहार, सुचवला असून पुढच्या भेटीत आम्हाला आमचा निर्णय सांगायचा आहे.

या विषयावर जे वाचनात आले त्यातले निम्मे वजन कमी करू पाहणाऱ्या प्रौढांसाठी लिहिलेले होते आणि उरलेले बहुतेक चमत्काराच्या कथांचे होते. आहार म्हटला की घरातल्या प्रत्येकाला तो निरुपद्रवी वाटतो. मला मात्र असा प्रश्न पडतो की जी गोष्ट मेंदूतले झटके थांबवू शकते, ती शरीराला इतर कुठेही धक्का न लावता कशी राहील? ज्यांनी आपल्या मुलांसाठी हा उपचार स्वीकारला, नाकारला किंवा मध्येच सोडला, त्यांनी कशाच्या आधारावर तसे ठरवले हे मला जाणून घ्यायचे आहे.

पाऊलखूण

आमच्याकडेही हाच विषय निघाला आहे, त्यामुळे प्रतिसादांची वाट पाहते आहे.

चौथा_प्रहर

आमचा मुलगा या आहारावर होता आणि तो थांबवूनही आता बराच काळ लोटला आहे. त्याला मायोक्लोनिक-अ‍ॅटॉनिक अपस्मार, म्हणजे दचके आणि अचानक कोसळणे असलेला डूझ सिंड्रोम होता, आणि या प्रकारात आहाराचा गुण तुलनेने चांगला येतो असे आम्हाला आधीच सांगितले होते. तुमच्या मुलीचे नेमके निदान मला ठाऊक नाही, पण तिचा अपस्मार कोणत्या प्रकारचा आहे आणि त्या प्रकारात आहाराचा अनुभव काय आहे, हे भेटीत सर्वांत आधी विचारावे असे मी सुचवेन.

आहाराची सुरुवात रुग्णालयात दाखल करून झाली, कारण पहिल्या काही दिवसांत रक्तातली साखर फार उतरत नाही ना, उलट्या होत नाहीत ना, हे पाहावे लागते. तो त्या दिवसांत मलूल होता आणि आम्ही घाबरलो होतो. घरी आल्यावर प्रत्येक जेवण ग्रॅममध्ये मोजून द्यायचे आणि दिलेले सगळे संपले पाहिजे, हा नियम झाला. ताटलीला चिकटून राहिलेले तेल आणि लोणीदेखील हिशेबातले असते, त्यामुळे ते रबरी चमच्याने निपटून त्याला भरवावे लागे. या निपटण्याचा आमच्यापैकी दोघांनाही जितका कंटाळा येई, तितका त्याला येत नसे.

कोसळणे हळूहळू कमी झाले आणि पुढे थांबले, डोक्यावरचे शिरस्त्राण निघाले, एक औषध कमी करता आले. त्याच्या नजरेतला तरतरीतपणा मात्र झटके कमी होण्याच्याही आधी आमच्या लक्षात आला होता.

अर्धविराम

हे सर्व वाचून मनात येते की आपण साध्या गोष्टीचे फार अवडंबर माजवतो. साखर आणि पिठूळ पदार्थ बंद करून स्निग्ध पदार्थ वाढवले की शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये, तयार होतातच, आणि असंख्य प्रौढ माणसे कोणालाही न विचारता हे करत असतात. भेटीची वाट पाहत बसण्यापेक्षा थोडे दिवस घरीच करून पाहिले तर काय बिघडेल?

आहारगणित

अर्धविराम, बिघडू शकते, आणि तेही अपस्मार असलेल्या मुलांमध्येच अधिक. मी अशा आहारोपचाराच्या चमूत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

काही मुलांच्या शरीरात चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची रासायनिक साखळीच जन्मतः सदोष असते. मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाचे विकार, कार्निटिनची (चरबी जाळण्यासाठी पेशींना लागणाऱ्या द्रव्याची) प्राथमिक कमतरता, पायरुवेट कार्बॉक्सिलेजची कमतरता, पोर्फिरिया ही त्यांतली ठळक नावे आहेत. अशा मुलाचे कर्बोदकांचे इंधन काढून घेतले तर जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो, आणि यांपैकी काही विकारांत झटके हेही एक लक्षण असते. आहार सुरू करण्याआधी रक्ताच्या आणि लघवीच्या ज्या तपासण्या करतात त्या यासाठी असतात. जी औषधे सुरू आहेत त्यांचाही मेळ पाहावा लागतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत कार्निटिन आणि यकृताकडे लक्ष ठेवावे लागते, तर टोपिरामेट किंवा झोनिसामाइड सुरू असेल तर रक्तातली आम्लता आणि मूतखडा यांची काळजी वाढते.

आता गणिताचा भाग. पारंपरिक आहारात ४:१ हे प्रमाण धरतात, म्हणजे प्रथिने आणि कर्बोदके मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ ४ ग्रॅम. स्निग्धाच्या ग्रॅममागे ९ आणि उरलेल्या दोहोंच्या ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरल्या तर एकूण ऊर्जेपैकी ९० टक्के ऊर्जा स्निग्धातून येते. एखाद्या मुलाला दिवसाला १,००० किलोकॅलरी द्यायच्या असतील तर १०० ग्रॅम स्निग्ध आणि केवळ २५ ग्रॅम बाकीचे सगळे. त्यातली १८ ग्रॅम प्रथिने वाढीसाठी राखून ठेवली तर दिवसभराच्या कर्बोदकांसाठी ७ ग्रॅम उरतात, आणि एका मध्यम सफरचंदात सुमारे २५ ग्रॅम असतात. इतक्या अरुंद जागेत जीवनसत्त्वे आणि खनिजे बसत नाहीत, म्हणून साखरविरहित बहुजीवनसत्त्व, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व वेगळे द्यावेच लागते. सेलेनियमच्या कमतरतेमुळे हृदयाच्या स्नायूवर परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

त्यामुळे मी पालकांना एवढेच सांगते की याला चौथे औषध समजा. त्याला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत, निषिद्ध परिस्थिती आहेत, आणि ते कधी थांबवायचे याचाही विचार सुरुवातीलाच करावा लागतो.

अर्धविराम

चयापचयाच्या विकारांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. सूचना मागे घेतो.

शंकासूर

मी या विषयात मुद्दाम विरोधी बाजू घेतो आहे, कारण कोणीतरी घ्यायला हवी. चौथा_प्रहर यांचा अनुभव खोटा आहे असे माझे म्हणणे नाही, परंतु ज्यांना गुण आला तेच अशा धाग्यांवर उत्साहाने लिहितात आणि ज्यांना आला नाही ते निमूटपणे पुढच्या औषधाकडे वळलेले असतात. शिवाय बालपणातले काही अपस्मार वयाबरोबर आपोआप ओसरतात. आहार घेताना झटके थांबले म्हणजे आहारामुळे थांबले, हे सिद्ध कसे होणार? साखरेची गोळी देऊन करतात तशी आंधळी चाचणीही इथे सहज करता येत नाही, कारण मूल काय खात आहे हे आईवडिलांना दिसतेच.

कणाद

शंकासूर यांची शंका रास्त आहे आणि वैद्यकशास्त्रालाही ती बराच काळ पडलेली होती. उपवासाने झटके कमी होतात हे निरीक्षण जुने आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी असा तर्क मांडला की उपवासात रक्तात वाढणारे कीटोन भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प कर्बोदके देऊनही वाढवता येतील, आणि 'कीटोजेनिक आहार' हे नावही त्यांनीच दिले. १९३८ मध्ये फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचा गुण सिद्ध झाल्यावर गोळी देणे स्वयंपाक मोजण्यापेक्षा सोपे ठरले आणि आहार मागे पडला. १९७१ मध्ये पीटर हटनलोकर यांनी मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल, म्हणजे एमसीटी, वापरून थोडी अधिक कर्बोदके देता येतील असा प्रकार आणला, कारण त्या तेलापासून कीटोन अधिक प्रमाणात तयार होतात.

पुनरागमन झाले ते १९९४ च्या सुमारास, आणि त्याचे निमित्त शास्त्रीय कमी व प्रसिद्धीचे अधिक होते. जिम अब्राहम्स या चित्रपट दिग्दर्शकाच्या लहान मुलाचे झटके जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या आहाराने थांबले आणि त्यांनी मुलाच्या नावाने चार्ली फाउंडेशन स्थापन केले. इथपर्यंत शंकासूर यांचा आक्षेप पुरेपूर लागू होतो.

त्यानंतर मात्र मोजमाप झाले. १९९८ मध्ये हॉपकिन्सच्या चमूने १५० मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, ज्यात वर्षभरानंतर ५५ टक्के मुले आहारावर टिकून होती आणि सुरुवातीच्या सर्व मुलांपैकी २७ टक्के मुलांचे झटके ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. तुलनेचा गट त्यात नव्हता. तो २००८ मध्ये लंडनच्या चाचणीत आला. २ ते १६ वर्षांच्या १४५ मुलांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना लगेच आहार दिला आणि काहींना तीन महिने थांबवून नेहमीचेच उपचार चालू ठेवले. तीन महिन्यांनी झटके निम्म्याहून अधिक कमी झालेली मुले आहाराच्या गटात ३८ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के होती. झटके ९० टक्क्यांहून अधिक कमी होण्याचे भाग्य आहाराच्या गटातही केवळ ७ टक्के मुलांना लाभले, हा आकडा चमत्काराच्या कथांमध्ये सहसा सापडत नाही.

शंकासूर

आभारी आहे. ३८ विरुद्ध ६ हा फरक आपोआप ओसरण्याने समजावता येणार नाही, हे मान्य करतो. त्याच आकड्याची दुसरी बाजूही निरभ्र यांनी लक्षात घ्यावी, ती म्हणजे १०० पैकी ६२ मुलांच्या घरी वजनकाटा आणूनही झटके निम्म्यावर आले नाहीत.

सांजवारा

मी त्या ६२ मधली आई. आमच्या मुलीच्या आहाराला तीन महिने देऊन झाल्यावर झटक्यांच्या नोंदवहीत काहीच फरक नव्हता, म्हणून आम्ही चमूच्या सल्ल्याने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. वरच्या प्रतिसादांत न आलेल्या दोन गोष्टी नोंदवते.

पहिली अशी की बद्धकोष्ठता हा शब्द पत्रकावर फार किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात तिने आमचे दिवस खाल्ले. पाणी, औषध, स्निग्धाच्या प्रकारात बदल, असे सगळे करून ती आटोक्यात आली. रक्तातील मेद वाढला होता तो आहार थांबवल्यावर उतरला.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. औषध लागू पडले नाही तर कोणी आईला दोष देत नाही. आहार लागू पडला नाही की 'नीट मोजले होते ना?', 'कोणी चोरून काही दिले असेल' असे प्रश्न सुरू होतात आणि ते आपल्याच मनात सर्वांत मोठ्याने येतात. आमच्या आहारतज्ज्ञांनी कीटोनच्या नोंदी समोर ठेवून सांगितले की आहार अचूक पाळला गेला आहे, तो तिच्या मेंदूला उपयोगी पडला नाही इतकेच. ते वाक्य मला सुरुवातीलाच ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते. म्हणून निरभ्र, किती काळानंतर आणि किती फरक दिसला तर पुढे चालू ठेवायचे, हे आधीच ठरवून घ्या आणि ते दोघांनीही ऐकून घ्या.

आहारगणित

सांजवारा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. किमान तीन महिन्यांची संधी द्यावी, गुण आला तर साधारण दोन वर्षांनी थांबवण्याचा विचार करावा, हा सर्वमान्य प्रघात आहे. झटके वाढताना दिसले तर अर्थातच तीन महिने वाट पाहत नाहीत.

गोडबोल्या

आमच्या भाच्याच्या अनुभवावरून सांगतो की या आहारातील सर्वांत अनियंत्रित घटक कर्बोदके नसून आजी-आजोबा असतात. 'एवढ्याशा तुकड्याने काय होते' या वाक्याचे कीटोनवर होणारे परिणाम कोणीतरी स्वतंत्रपणे अभ्यासायला हवेत. अखेरीस आजोबांच्या हातीच लघवीतले कीटोन मोजण्याची पट्टी आणि नोंदवही सोपवली, तेव्हापासून त्यांच्याइतका कडक पहारेकरी घरात दुसरा राहिला नाही.

पाऊलखूण

हसू आले, पण युक्ती उपयोगाची आहे. माझा प्रश्न आजारपणाचा आहे. लहान मुलांना ताप, उलट्या, जुलाब होतच राहतात. त्या वेळी सिरपमधली साखर आणि सलाइनमधले ग्लुकोज यांचे काय करायचे?

आहारगणित

फार महत्त्वाचे विचारलेत. द्रवरूप औषधे, चघळायच्या गोळ्या, खोकल्याची औषधे यांत साखर किंवा सॉर्बिटॉल असते, म्हणून अपस्माराच्या औषधांसह सर्व औषधांचे शक्य तिथे गोळीच्या रूपात परिवर्तन करून घेतात. गोळीतही पूरक द्रव्य म्हणून थोडी कर्बोदके असू शकतात, तीही मोजतात. मूल आहारावर आहे आणि गरज नसताना ग्लुकोज देऊ नये, असे पत्र चमूकडून घेऊन ते घराबाहेर पडताना सदैव सोबत ठेवावे, कारण तातडीच्या विभागात ग्लुकोजचे सलाइन सवयीने लावले जाते.

'गरज नसताना' हे शब्द मात्र विसरू नका. रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरली असेल तर ग्लुकोज द्यावेच लागते. मूल गळून गेले आहे, श्वास जोरजोरात चालला आहे, सारखी उलटी होते आहे, अशा वेळी कीटोन गरजेपेक्षा जास्त झालेले असू शकतात आणि आहाराची शिस्त त्या वेळी दुय्यम ठरते. अशा प्रसंगी गोड पेय किती द्यायचे आणि केव्हा निघायचे, याची लेखी योजना सुरुवातीलाच मिळायला हवी. कोणी ती दिली नाही तर मागून घ्या.

लंबक

मी लहानपणी या आहारावर होतो, म्हणून मुलाच्या बाजूने थोडे लिहितो. भूक फारशी लागत नसे, कारण कीटोन वाढले की भूक मंदावतेच. अवघड होते ते वेगळे असणे. इतरांच्या वाढदिवसाला माझा डबा घेऊन जाणे मला लाजिरवाणे वाटे. मला बरे वाटू लागले ते आईने मोजणीत माझा हात लावून घेतल्यावर, काट्यावर आकडा बरोबर आला की मीच 'पुरे' म्हणायचो. पाच वर्षांच्या मुलीलाही यातले पुष्कळ कळेल.

कणाद

आणखी एक पर्याय चर्चेत यायचा राहिला. सगळ्यांना ४:१ चाच आहार देतात असे नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या सुधारित अ‍ॅटकिन्स आहारात दिवसाला साधारण १० ते २० ग्रॅम कर्बोदके मोजतात, प्रथिनांवर बंधन नसते आणि प्रत्येक घास तोलावा लागत नाही. कमी ग्लायसेमिक निर्देशांकाच्या उपचारात ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके चालतात, मात्र ती रक्तातली साखर हळू वाढवणाऱ्या पदार्थांतून घ्यायची असतात. या तिन्हींची तुलना दिल्लीच्या एम्समधील चमूने १७० मुलांवर करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. २४ आठवड्यांनंतर झटक्यांतील मध्यक घट पारंपरिक आहारात ६६, सुधारित अ‍ॅटकिन्समध्ये ४५ आणि कमी ग्लायसेमिक निर्देशांकाच्या आहारात ५४ टक्के होती. सैल प्रकार पारंपरिक आहाराच्या तोडीचे आहेत असे त्या चाचणीतून सिद्ध झाले नाही, पण शेवटच्या प्रकारात दुष्परिणाम बरेच कमी होते.

त्याउलट ग्लुट-१ च्या कमतरतेत ग्लुकोज मेंदूपर्यंत नेणारे वाहक प्रथिनच अपुरे असते, म्हणून कीटोन हेच मेंदूचे पर्यायी इंधन ठरते आणि तिथे आहार शेवटचा नसून पहिला उपचार असतो, तोही दोन वर्षांपेक्षा बराच अधिक काळ. इतर अपस्मारांत तो नेमका कसा काम करतो याचे एकच उत्तर अजून मिळालेले नाही.

शंकासूर

म्हणजे औषधाने न थांबणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेचा विचारही याच टप्प्यावर व्हायला हवा ना? झटके मेंदूच्या एकाच भागातून निघत असतील तर आहारात वेळ घालवणे योग्य ठरेल का?

चौथा_प्रहर

आमच्या वेळी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी पाहून शस्त्रक्रियेचा मार्ग नाही हे आधी स्पष्ट केले गेले, मग आहाराकडे वळलो. प्रश्न योग्य आहे आणि तो भेटीत विचारावा.

निरभ्र

सर्वांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले. आमचा कल होकाराकडे आहे, परंतु अटींसह. चयापचयाच्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. शस्त्रक्रियेची शक्यता पाहिली गेली आहे का आणि ग्लुट-१ ची तपासणी केली आहे का, हे विचारायचे. तीन महिन्यांनी कोणता बदल पुरेसा मानायचा, हे डॉक्टरांसमोर लिहून घ्यायचे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे काटेकोर ४:१ ऐवजी सैल प्रकाराने सुरुवात करता येईल का, हेही विचारणार आहोत. सांजवारा, तुमचा प्रतिसाद मी वेगळा काढून ठेवला आहे.

सांजवारा

नक्की ठेवा, आणि जे घरात मदत करणार आहेत त्यांनाही वाचायला द्या.

आहारगणित

निरभ्र, भेटीपर्यंतच्या काळात आहारात काहीही बदल करू नका, पण नोंदवही आजच सुरू करा. प्रत्येक दिवशी कोणत्या प्रकारचे किती झटके आले, किती वाजता, झोपेत की जागेपणी, हे लिहा आणि प्रत्येक प्रकाराचा एखादा झटका मोबाइलवर चित्रित करून ठेवा. लंडनच्या चाचणीतही आधीचे चार आठवडे केवळ मोजणीसाठी ठेवले होते. सोबत ती सध्या काय आणि किती खाते याची तीन-चार दिवसांची यादी आणलीत, तर तिच्या आवडीचे कोणते पदार्थ मोजणीत बसवता येतील हे पहिल्याच भेटीत पाहता येईल. सुरू असलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या आणि वेष्टनेही आणा, त्यांच्यावरचा बारीक अक्षरातला मजकूर आम्हाला लागतो.